पाठीवर पोतं घेतलेला हमाल: तोल, माती, फायबर आणि उघड्यावरचा वारा

मातकट (प्रश्न)

पुण्याजवळच्या एका बाजार समितीच्या आवारात उघड्यावर बसवायचं शिल्प आहे. विषय हमाल. पाठीवर धान्याचं पोतं, एक पाय पुढे, चालता चालता पकडलेला क्षण. उंची साधारण साडेपाच फुटी माणसाची, माध्यम फायबर (काचतंतू आणि रेझिन नावाचं घट्ट होणारं रसायन). शाडूत लहान मॉडेल करून झालं आहे, आता मोठं उचलायचं आहे.

१. लहान मॉडेलमध्ये पोतं जड वाटतच नाही. माणूस उशी घेऊन निघाल्यासारखा दिसतो. नेमकं काय चुकतंय?
२. पुढे झुकलेल्या आकृतीचं आर्मेचर (मातीच्या आतला सांगाडा) कुठून आधार देऊन उभं करावं? एवढी माती पेलेल का?
३. साचा आणि फायबरला साहित्य किती लागेल?
४. दोन घोट्यांवर उभं असलेलं हलकं शिल्प वाऱ्यात टिकेल का?

शिवाय समितीतल्या काही जणांना हमाल "रुबाबदार" हवा आहे: छाती पुढे, नजर वर. यावरही मत द्यावं.

---

ओळंबा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर हिशेबात आहे, म्हणून आधी हिशेब.

माणूस ६० किलो, पोतं ५० किलो धरा. पोत्याचा मध्य माणसाच्या गुरुत्वमध्यापासून २५ सेंमी मागे असेल, तर दोघांचा मिळून गुरुत्वमध्य २५ × ५० ÷ ११० म्हणजे सुमारे ११ सेंमी मागे सरकतो. ताठ उभ्या माणसाची भाररेषा घोट्याच्या चार-पाच सेंमी पुढे पडते. ती ११ सेंमी मागे गेली की टाचेच्याही बाहेर जाते. थोडक्यात, ५० किलो पाठीवर घेऊन ताठ उभं राहताच येत नाही. धड कंबरेतून पुढे येतं, पोतं वर सरकून मानेच्या बुडाशी आणि खांद्यांच्या फऱ्यांवर बसतं आणि रेषा पुन्हा तळव्यावर येते. तुमच्या मॉडेलमध्ये धड बहुतेक १०-१५ अंशच झुकलेलं असणार. ३० ते ४० अंश करून बघा.

तपासायला ओळंबा पुरतो. मॉडेल बाजूने बघा, माणसाचा मध्य आणि पोत्याचा मध्य यांवर टाचण्या टोचा. त्या दोन टाचण्यांमधल्या अंतराच्या ४५ टक्क्यांवर, माणसाच्या टाचणीकडून मोजून, तिसरी टाचणी. तिथून सोडलेला दोरा भार घेतलेल्या पायाच्या तळव्यात पडला पाहिजे. चालताना तो पुढच्या पायाकडे निघालेला असेल तर उत्तमच, पण मागच्या टाचेमागे पडला तर आकृती खोटी. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण खोटेपणा कळतो.

दुसरी गफलत पोत्याच्या आकारात असते. ५० किलो सिमेंटची गोणी जेमतेम ३५ लिटरची. तेवढ्याच वजनाच्या गव्हाचं पोतं ६५ लिटरच्या आसपास, म्हणजे खुद्द हमालाच्या शरीराएवढं. धान्याचं पोतं छोटं केलं की उशीच होते. धान्य खाली वाहतं, त्यामुळे पोत्याची दोन्ही टोकं लोंबतात, मध्यभाग पाठीवर चपटा होतो आणि खांद्याचं हाड जिथे रुततं तिथून सुरकुत्या पंख्यासारख्या फुटतात. सिमेंटच्या गोणीला कडा आणि कोपरे असतात, कांद्याच्या गोणीला उंचवटे. तुम्ही धान्य म्हणताय, तेव्हा कोपरे ठेवू नका.

आता शरीर. पोटाच्या सहा वड्या, फुगलेले दंड हे सगळं काढून टाका, तो व्यायामशाळेतला माणूस झाला. ओझं वाहणाऱ्याचं अंग बहुधा सडसडीत असतं. ताण दिसतो तो मानेच्या बाजूच्या दोऱ्यांत, खांद्याच्या वरच्या कडेत, मनगटाकडच्या शिरांत आणि पोटरीत. मान पुढे ताणलेली, हनुवटी किंचित वर, कारण वाट तर बघावीच लागते. गुडघे कधीच पूर्ण सरळ होत नाहीत. पाऊल छोटं, लांब टांग टाकलेला हमाल म्हणजे पोतं रिकामं. भाराखालचा तळवा पसरतो, कमान बसते, अंगठा बाकीच्या बोटांपासून सुटतो. पावलांवर दोन दिवस जास्त घालवा, ते वाया जात नाहीत.

हात कुठे आहेत तेही बघा. एक हात डोक्यामागे पोत्याचा कान धरून, दुसऱ्यात पोतं ओढायचा लोखंडी आकडा किंवा तो मोकळा, तोलासाठी थोडा लांब. दोन्ही हात सारखे वर केले की नाटकातला हमाल होतो.

आणि हो, हेच शिल्प डोक्यावर पाटी घेतलेल्या बाईचं असतं तर सगळं उलटं. चुंबळीवरचं ओझं कण्याच्या रेषेत असतं, म्हणून धड ताठ, नजर समोर, मान स्थिर आणि सगळी हालचाल कंबरेखाली. एकाची ढब दुसऱ्याला लावता येत नाही.

---

काथ्या

आर्मेचर आणि साच्याबद्दल लिहितो.

आधी मापाचं बघू. साडेपाच फुटी माणूस वाकला की पावणेपाच फूट उरतो, आणि मोकळ्या आवारात ते शिल्प पोरसवदा दिसतं. उघड्यावरच्या कामाला सव्वापट घेणं बरं. मात्र सव्वापट म्हणजे क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त आणि घनफळ जवळजवळ दुप्पट, हे साहित्य मागवताना विसरू नका. खालचे आकडे मूळ मापाचे आहेत.

शरीर ६० लिटर, ओली माती लिटरला १.९ किलो, म्हणजे माणूसच ११५ किलोचा. पोतं भरीव मातीत केलं तर आणखी १२० किलो, तेही सगळं वर आणि मागे. ते करायचं नाही. पोत्याचा गाभा थर्माकोल किंवा लाकडी खोक्याचा, त्यावर कोंबडीजाळी घट्ट, वर ३-४ सेंमी माती. जाळी सैल राहिली तर माती थरासकट घसरते, आणि शक्यतो रात्रीच घसरते.

पाट: १९ मिमीचे दोन प्लाय स्क्रूने एकत्र, खाली आडव्या पट्ट्या, आकृतीपेक्षा चहूबाजूंनी फूटभर मोठा. मुख्य आधार घोट्यातून घेऊ नका. आकृतीच्या मागे ४० मिमीचा लोखंडी पाइप फ्लँजवर (पाटाला स्क्रूने बसणाऱ्या चकतीवर) उभा करा, वरून काटकोनात वळवा आणि कमरेच्या वर, पोत्याच्या खालच्या कडेखाली, पाठीतून आत घ्या. तिथली जागा पोत्याच्या सावलीत असते, साच्यात ते भोक नंतर बुजवणं सोपं जातं. पायांत १२ मिमी सळई, हातांत ८ ते १० मिमी. सळईला सुतळीचे आडवेतिडवे फेर. छाती, ओटीपोट आणि मांड्यांत लाकडी फुलपाखरं (फुलीसारखे बांधलेले लाकडाचे तुकडे) तारेने टांगा, नाहीतर झुकलेल्या धडाची माती पोटाकडून सुटते. सळई पृष्ठभागापासून निदान २ सेंमी आत असावी. गुडघा आणि मनगट इथे ती हमखास बाहेर येते, म्हणून सळई वाकवण्याआधी पाटामागे मूळ मापाचं बाजूचं रेखाटन चिकटवा आणि त्यावर ठेवून वाकवा.

नुसती शाडू वापरू नका. तिला चिकटपणा कमी, वाळताना तडे लवकर. चिकणमाती मिसळलेली घ्या आणि साचा होईपर्यंत ओल्या फडक्यात व वर प्लास्टिकमध्ये ठेवा. फवारा रोज हवा, पण लोटभर पाणी नको. वरचा थर चिखल होतो आणि आतला कोरडाच राहतो.

पोत्याला खऱ्या गोणपाटाचा ठसा देण्याचा मोह होतो. लांबून तो दिसत नाही, जवळून यांत्रिक वाटतो. विणीची दिशा आणि शिवण कोरणीने दाखवा, बाकी घड्यांवर सोडा.

एकच प्रत हवी असेल तर पीओपीचा वेस्ट मोल्ड (एकदाच वापरून फोडायचा साचा) पुरे. काम पूर्ण झाल्यावर पोतं तारेने कापून वेगळं करा आणि त्याचा साचा वेगळा घ्या. जोड पोतं-पाठ यांच्या सीमेवर, घडीत लपतो. तसं केलं नाही तर मान आणि पोतं यांच्यामधल्या खाचेत ब्रश पोचतच नाही. अंगाचे भाग पत्र्याच्या पट्ट्या खोचून पाडा: पुढचा, मागचा, दोन हात. प्लास्टर पाण्यात भुरभुरवा, उलटं नाही. पाण्यावर बेटं तरंगायला लागली की थांबा, मिनिटभर मुरू द्या, मग ढवळा. पहिला थर ५ मिमी, त्यात चिमूटभर पिवडी. वरचा थर पांढरा, २० मिमी, काथ्यासकट. साचा फोडताना पिवळा थर दिसला की छिन्नी हळू करायची हे त्यातून कळतं. शिल्पाच्या तीन चौरस मीटर पृष्ठभागासाठी कडा धरून १०० ते १२५ किलो प्लास्टर मागवा. उरलं तर पुढच्या कामाला होईल, मध्येच संपलं तर मात्र पंचाईत.

---

रेझिनवाला

फायबरचा हिशेब. पृष्ठभाग: माणूस अंदाजे १.७ चौ. मी., पोतं आणि पायथा धरून ३.

जेलकोट (साच्यात सगळ्यात आधी लागणारा रेझिनचा बाहेरचा थर) चौ. मीटरला ५००-६०० ग्रॅम, म्हणजे दोन किलो. मॅट (काचतंतूंची चटई) एक थर चौ. मीटरला ३०० ग्रॅमची आणि दोन थर ४५० ची: मीटरला १२०० ग्रॅम, तीन मीटरला ३.६, कातरणीतलं नुकसान धरून सव्वाचार किलो. रेझिन मॅटच्या अडीचपट, साडेदहा किलो. जोडांना आणि घोट्यांना आणखी दोन. जेलकोटसकट एकूण १५ किलो रेझिन धरा. जाडी पावणेतीन मिमीच्या आसपास येईल. घोटे, गुडघे आणि पोत्याखालच्या खांद्यांवर दोन थर जादा.

कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारं रसायन) अर्धा ते एक टक्का, तो आधी सगळ्या रेझिनमध्ये मिसळून ठेवायचा. हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन) एक ते दीड टक्का, वापरायच्या वेळी, एका वेळी किलोभर रेझिनमध्येच. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही ओतू नका. पेट घेतो, स्फोटही होतो. दोघांची मापंसुद्धा वेगळी ठेवा. नुसतं फडकं नाकाला बांधून रेझिनमधल्या स्टायरीनची वाफ थांबत नाही, कार्बनचा मास्क लागतो.

बिघाड कुठून येतात:

साचा ओला असेल तर जेलकोट दुधाळ आणि चिकट राहतो. प्लास्टर पूर्ण वाळवा, मग लाखेचे दोन-तीन हात, मेणाचे तीन हात, वर पीव्हीए (साचा सुटावा म्हणून लावायचा पातळ पापुद्रा). लाख लावायची राहिली तर साचा आणि अंग एकजीव होतात.

जेलकोट फार पातळ लागला किंवा पुरता बसायच्या आत त्यावर रेझिन चढलं तर सुरकुततो. बोटाला चिकट लागतो पण बोटाला येत नाही, अशा वेळी पहिला थर द्या.

तिन्ही थर एका दमात चढवले तर आत उष्णता कोंडते, धूर निघतो, तडे जातात. एप्रिल-मे महिन्यात तर नक्कीच.

बोटं, कान, आकड्याचं टोक इथे मॅट वळत नाही आणि पोकळी राहते. तिथे आधी कातरलेले धागे आणि रेझिनची लगदी भरा.

पोत्याचा थर्माकोल गाभा तसाच ठेवून त्यावर थेट फायबर करायचा विचार असेल तर सोडा. स्टायरीन थर्माकोल विरघळवतं, काही मिनिटांत खड्डा.

शेवटी तळव्यात १० मिमीचं भोक. आत पाणी साठतंच, त्याला वाट हवी. आणि वर पीयू (पॉलियुरेथेन) लॅकर. नुसत्या फायबरवर ऊन पडत राहिलं की काही वर्षांत पृष्ठभाग पांढुरका होऊन धागे वर येतात.

---

आडवा_बीम

चौथा प्रश्न कुणी घेतला नाही. फायबरची ही आकृती भरून १८-२० किलो होईल, म्हणजे वजनाने ती उभी राहणारच नाही, बांधावी लागेल.

पुण्यासाठी आय. एस. ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर दिला आहे. दाब ०.६ × ३९² म्हणजे चौ. मीटरला ९१० न्यूटन, ९३ किलो. बाजूने आकृती आणि पोतं मिळून एक चौ. मीटर, आकाराचा गुणक १.२, म्हणजे ११० किलोचा धक्का. पोतं वर असल्याने तो जमिनीपासून १.२ मीटरवर लागतो. घोट्याशी मोमेंट (वाकवणारा जोर, म्हणजे धक्का × उंची) सुमारे १३० किलो × मीटर.

४० मिमी बाहेरचा, ४ मिमी जाडीचा पाइप एकाच पायात असेल तर त्यावर ३४० मेगापास्कलच्या पुढे ताण येतो. साधं पोलाद २५० ला वाकतं. दोन्ही पायांत घातला तरी काठावर. दीड इंची नॉमिनल (बाजारात या नावाने मिळणारा) पाइप बाहेरून ४८ मिमीचा असतो, तो दोन्ही पायांत घातला की ताण ११० वर येतो आणि घोट्याच्या ६-७ सेंमी जाडीत बसतोही. सव्वापट केलंत तर मोमेंट दुप्पट होतो. तिथे दोन इंची नॉमिनल, साडेचार मिमी जाडीचा.

म्हणजे चालता चालता उचललेला मागचा पाय फक्त बोटांवर टेकलेला असेल तर चालणार नाही. एकतर तळवा पूर्ण टेकवा किंवा तिसरा आधार द्या: मागे जमिनीवर ठेवलेलं दुसरं पोतं, ज्याला मागची पोटरी टेकते. नाटकी वाटणार नाही, बाजारात पोती असतातच.

पाइप गॅल्वनाइज्ड किंवा स्टेनलेस. साधं लोखंड आत गंजून फुगतं आणि फायबर घोट्यातच फाडतं. खाली १२ मिमीची प्लेट, काँक्रीटच्या चौथऱ्यात पुरलेले चार एम-१६ (१६ मिमी व्यासाचे) बोल्ट. आकडे प्राथमिक आहेत, अंतिम आराखडा स्ट्रक्चरल इंजिनियरकडून तपासून घ्या.

---

जांभा

एवढी कसरत करून हलकं शिल्प जमिनीला बांधण्यापेक्षा जडच का करू नये? रामकिंकर बैज यांनी १९३८ मध्ये शांतिनिकेतनात ‘संथाळ कुटुंब’ केलं ते सिमेंट आणि जांभ्याच्या खडीत, सांगाड्यावर मिश्रण थापून. कावडीत मूल घेऊन निघालेलं कुटुंब, सोबत कुत्रा. श्रमिकाच्या अंगाला गुळगुळीत कातडी नको, हे त्या खडबडीत पृष्ठभागावरून कळतं. १९५६ चं ‘मिल कॉल’ही तिथेच: भोंग्याच्या हाकेला धावणाऱ्या दोन बायका आणि मागे मूल. ओली लुगडी वाऱ्यावर वाळवत पळताहेत, त्यामुळे धावण्याचा वेग कापडातच आहे. आपल्याकडे अलिबागजवळ सासवण्याला वि. पां. करमरकरांच्या घरी, जिथे आता संग्रहालय आहे, सिमेंटमधली कामं बघता येतात.

रीत: १० मिमी सळईचा सांगाडा, त्यावर जाळीचे दोन पदर, एक भाग सिमेंट तीन भाग वाळू, पाणी बेताचं. एका दिवसात १५-२० मिमीहून जाड थर नको, लोंबतो. सळईवर निदान २०-२५ मिमी आवरण हवं. दहा-चौदा दिवस ओलं गोणपाट. ५० मिमीचं कवच धरलं तर तीन चौ. मीटरला ३४५ किलो.

---

रेझिनवाला

@जांभा, सल्ला ठीक, पण बोटं आणि आकडा सिमेंटमध्ये ती जाडी मागतात. २० मिमी आवरण म्हणजे बोट मनगटाएवढं. रामकिंकरांनी आकारच त्या माध्यमाला साजेसे, ढोबळ घेतले. ओळंबा यांनी सांगितलेल्या शिरा आणि ताणलेली मान हवी असेल तर सिमेंट नाही.

---

जांभा

मान्य. मग शिरा सोडा, ढब धरा. दोन्ही एकदम मागितलं की माध्यम फसतं.

---

ओळंबा

"रुबाबदार" या मागणीबद्दल. तसं करता येतं, पण कुठे चालतं ते बघा. चेन्नईच्या मरीनावर देवीप्रसाद रॉय चौधरींचं ‘ट्रायम्फ ऑफ लेबर’ आहे, २५ जानेवारी १९५९ ला उघडलेलं. चार माणसं प्रचंड शिळा पहारींनी हलवताहेत. तिथे स्नायू पिळदार आहेत, आणि ते खपून जातं, कारण शिळा खरीच हलत नाहीये. सगळा जोर विरोधात खर्च होतोय. तुमच्या समितीला जोर हवा पण विरोध नको आहे. छाती पुढे आणि नजर वर केली की वरच्या हिशेबाने पोतं रिकामं ठरतं, आणि बाजारात रोज पोती उचलणारी माणसं ते पहिल्याच दिवशी ओळखतील.

समितीला दाखवायला दोन लहान मॉडेल ठेवा, एक ताठ आणि एक वाकलेलं, दोन्हींना ओळंब्याचा दोरा लावून. वाद निम्मा होतो.

---

काथ्या

यात एक भर. आजचे बरेच जण पूर्ण माणूस करतच नाहीत. चंद्रपूरच्या कोळसा पट्ट्यातले प्रभाकर पाचपुते खाणकामगाराच्या धडावर डोक्याच्या जागी दिवा किंवा अवजार बसवतात. बीरेंद्र यादव यांनी वीटभट्टीवरच्या लाकडी खडावा मांडल्या. भट्टीच्या तापलेल्या माथ्यावर चालताना पाय भाजू नयेत म्हणून कामगार त्या घालतात. वलय शेंडे स्टीलच्या चकत्या एकमेकींना वेल्ड करून आकृती घडवतात.

बाजार समितीला खडावांची मांडणी पटणार नाही, हे उघड आहे. पण चौथऱ्यावर तुमच्या हमालाच्या पायाशी आकडा, गोणपाटाची खोळ आणि वजनाचा काटा यांची भर घालता येईल. तेच पोटरीमागच्या पोत्यावर ठेवलं तर आडवा_बीम यांचा तिसरा आधारही झाकला जातो.

---

मातकट

सगळ्यांचे आभार. टाचण्या लावून बघितल्या: दोरा मागच्या टाचेच्या बोटभर मागे पडतोय. धड ३५ अंशांवर आणतो, पोतं मोठं करतो, मागे दुसरं पोतं घेतो. माप सव्वापट, फायबरच. दोन शंका राहिल्या: सव्वापटीला मॅट वाढवायची का? आणि मागचं पोतं त्याच साच्यातून काढलं तर चालेल का?

---

रेझिनवाला

४५० चा एक थर वाढवा, जाडी पावणेचार मिमीपर्यंत जाईल. क्षेत्रफळ ४.७ चौ. मी. धरून मॅट नऊ किलो, जेलकोट आणि जोड मिळून रेझिन २८ किलो मागवा.

---

काथ्या

त्याच साच्यातून नको, आणि वेस्ट मोल्ड फुटल्यावर ते शक्यही नाही. जमिनीवरचं पोतं वेगळं बसतं: बूड पसरट, तोंड एका बाजूला कललेलं, खांद्याचा खळगा नाही. ते स्वतंत्र करा, अर्ध्या दिवसाचं काम आहे.